बर्फावर चालतंय ते स्केटिंग नव्हे हो!

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात मागच्या पानावर काश्मीरचा एक फोटो आलता. पांढरा उतार, त्यावर लाल जॅकेटवाला एक गडी, आणि खाली ओळ होती, 'गुलमर्गमध्ये स्केटिंगचा आनंद लुटताना पर्यटक'. साहेब, ते स्केटिंग नव्हे, स्कीइंग. स्केटिंग म्हणजे चाकाच्या बुटांवरचं, नाहीतर गोठलेल्या पाण्यावर पात्याच्या बुटांवरचं. स्कीइंग म्हणजे दोन लांब पट्ट्या पायाला अडकवून उतारावरनं घसरत यायचं. चूक बारीक आहे, एवढ्यासाठी मी काय पत्र लिहीत बसलो नसतो, पण तो फोटो बघून आमच्या उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीवर जी चर्चा झाली ती ऐकून राहवेना. एकजण म्हणाला, हे श्रीमंताचे चोचले. दुसरा म्हणाला, मी करून आलोय, त्यात काय नाही, तासाभरात येतंय. तिसरा म्हणाला, या वयात हाडं मोडून घ्यायचीत काय. माझं वय ५३, छोटं वर्कशॉप आहे, लेथ आणि मिलिंगचं काम, आणि गेली चार वर्षं दर हिवाळ्यात मी आणि मिसेस बर्फात जातोय, म्हणून म्हटलं आता सविस्तरच लिहावं. लांबलं तर कात्री लावा, पण तेवढी फोटोखालची ओळ सुधारा.

आधी त्या दुसऱ्याचं बोलतो, तासाभरात येतंय म्हणणाऱ्याचं. पहिल्यांदा मी पण तेच करून आलतो. टूरवाल्याबरोबर गेलतो, मिसेस, दोन्ही पोरं, मेव्हणा आणि त्याच्या घरचे. टंगमर्गला गाडी थांबली की भाड्यानं लांब कोट आणि गमबूट मिळतात, ते घातले, वर पोचलो, आणि पोचतोय तोवर चारजण भोवती, स्लेज घ्या, स्की घ्या, घोडा घ्या. एका तासाचा सौदा ठरला. त्यातली वीस मिनिटं बूट चढवण्यात गेली, दहा मिनिटं स्की अडकवण्यात, आणि उरलेल्या वेळात त्या गाईडनं माझे दोन्ही हात धरून, स्वतः उलटं चालत, म्हाताऱ्या माणसाला जिना उतरवतात तसं मला पन्नासेक फूट खाली आणलं. मेव्हण्यानं व्हिडिओ काढला, त्यात मी लय भारी दिसतोय कारण गाईड फ्रेमच्या बाहेर आहे! वर्षभर तो व्हिडिओ दाखवून मी स्कीइंग केलंय म्हणून सांगत फिरलो आणि खरी गोष्ट अशी की मला थांबता सुद्धा येत नव्हतं. गाडी शिकवताना आपण आधी ब्रेक दाखवतो का ॲक्सिलेटर? मग.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की जायचं तर शिकायला जा, निदान एक आठवडा तरी काढून जा, तासाच्या सौद्यावर पैसे घालवू नका. आपल्या देशात रीतसर शिकवणाऱ्या जागा आहेत, सरकारी आहेत, आणि लोकांना माहितीच नाहीत. गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन खात्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे. मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची पर्वतारोहण संस्था आहे, ते सोलंगच्या बाजूला कोर्स घेतात. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात, तिथनं समोर नंदादेवी दिसते, उतारही शिकणाऱ्याला सोयीचा. फक्त औलीचं एक, २०२३ च्या जानेवारीत जोशीमठला जमीन खचून घरांना तडे गेले तेव्हा खालनं वर येणारा रोपवे बंद करावा लागला, म्हणून निघायच्या आधी वर जायची काय सोय आहे ते विचारून घ्या. आणि कुठल्याही कोर्सला वयाची अट, मेडिकल सर्टिफिकेट हे आधी वाचा, नाहीतर तिकिटं काढून बसाल आणि फॉर्मच परत येईल. जागा लवकर भरतात, दिवाळीच्या फराळाबरोबर फॉर्म भरायला घ्यायचा असा आमच्या घरात आता रिवाजच पडलाय.

कधी जायचं हा पण एक घोळ आहे. आपल्या डोक्यात बर्फ म्हणजे डिसेंबरची सुट्टी, नाताळ. काश्मीरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान असतं, म्हणजे मोठी थंडी, मग वीस दिवसांचं चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचं चिल्लई बच्चा. बर्फ खरा बसतो तो या मोठ्या थंडीत, त्यामुळं जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा बरा काळ. तरी निसर्गापुढं काय चालत नाही, २०२४ च्या जानेवारीत अर्धा महिना उलटला तरी गुलमर्ग कोरडं ठणठणीत होतं, पिवळं गवत दिसत होतं, आणि २०२५ ला खेलो इंडियाचे तिथले सामने बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतनं मार्चमध्ये ढकलले. आपल्याकडं पावसानं ओढ दिली की शेतकरी जसं आभाळाकडं बघत बसतो तसं तिथले हॉटेलवाले, गाईड, स्कीवाले बसलेले असतात. म्हणून परतीच्या तिकिटात दोन दिवस सैल ठेवा.

आता शरीराचं, आणि इथं आपण कोल्हापूरकर पुढं आहोत, माझ्यावर विश्वास ठेवा. स्कीइंगमध्ये सगळा भार मांडीवर येतो, तोही उतरताना, वाकलेल्या गुडघ्यात स्वतःला पेलून धरताना. चढायला दम लागतो, उतरायला मांडी लागते. यासाठी जिमची मशिनं बिशिनं नकोत, तालमीतल्या बैठका पुरे. मी पहिल्या कोर्सच्या आधी दोन महिने रोज सकाळी बैठका मारल्या, वीसपासून सुरू करून शंभरपर्यंत नेल्या, खाली जाताना सावकाश, वर येताना नेहमीसारखं. शिवाय रविवारी जोतिबाच्या पायऱ्या, तिथं लोक चढायचा व्यायाम करतात, मी उतरायचा केला, हळूहळू, प्रत्येक पायरीला गुडघा वाकवून. मिसेसनं भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचं, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत, असा व्यायाम काढला. हसू नका, कोर्सच्या तिसऱ्या दिवशी आमच्याबरोबरची दिल्लीची पंचविशीतली पोरं काठी टेकत जिना उतरत होती आणि आम्ही दोघं जेवायला तरातरा.

बुटाचं मात्र मी जरा जास्त सांगणार आहे कारण निम्मे लोक बुटामुळंच या नादाला रामराम ठोकतात. स्कीचा बूट म्हणजे प्लॅस्टिकचं कडक कवच, आत फोमचं लाइनर, आणि वरनं तीन-चार बकल. आपला ८ नंबर, ९ नंबर तिथं चालत नाही, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगायची. घरीच भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहा, अंगठ्यापुढं खूण करा, पट्टीनं मोजा, दोन्ही पाय मोजा कारण दोन्ही सारखे नसतात. भाड्याच्या दुकानात गर्दी असते, तो दुकानदार तुमच्या तोंडाकडं बघून बूट पुढं सरकवतो आणि सैल बूट आरामशीर वाटतो म्हणून आपण घेतो. तिथंच फसतंय. लाइनर बाहेर काढा, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढं टेकवा आणि टाचेमागं किती जागा राहते बघा, एक ते दोन बोटं जायला पाहिजेत, तीन गेली तर बूट मोठा. मग लाइनर घालून उभं राहिल्यावर बोटं पुढं हलकी टेकतात, पण गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटं मागं सरकतात, ते झालं की समजायचं जमलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बुशिंगमध्ये शाफ्ट सैल असेल तर मशीन खडखडतंय आणि जॉबची वाट लागती, तसंच आहे हे. पाय आत हलला की तुम्ही वळायचा हुकूम देताय आणि तो स्कीपर्यंत पोचतच नाही.

मोजे एकच जोड. परत सांगतो, एकच. मी पहिल्या दिवशी थंडी वाजंल म्हणून दोन लोकरी मोजे, त्यावर थर्मलची पॅन्ट आत खोचून बूट आवळला, दुपारपर्यंत पाय बधिर, संध्याकाळी नडगीवर थर्मलच्या शिवणीचा लालभडक वळ. दोन मोज्यांनी रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतो. गुडघ्यापर्यंतचा एक पातळसर लोकरी मोजा, थर्मल त्याच्या वर, बुटाच्या बाहेर, बास. आणि एक घरगुती अडचण, आयुष्यभर कापशी चप्पल वापरल्यानं माझा पंजा पसरलाय फावड्यासारखा. त्या अरुंद बुटात तो जाईना, तर पुढची दोन बकलं सैल ठेवायची आणि घोट्यावरचं घट्ट करायचं असं तिथल्या उस्तादानं शिकवलं. पाय धरला पाहिजे तो टाचेला आणि घोट्याला, बोटांना आवळून काय उपयोग नाही.

बूट स्कीला धरतो त्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात आणि ही वस्तू बघून मी जाम खूश झालो साहेब. स्प्रिंगचं काम आहे, ठरावीक जोरापेक्षा जास्त पीळ पडला की आपोआप सुटतं, म्हणजे पडताना गुडघा पिळवटायच्या आधी स्की पायातनं निघते. आमच्याकडं टॉर्क लिमिटर असतंय तसलंच. त्यावर बारीक खिडकीत आकडा असतो, तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्हाला किती येतंय यावरनं लावतात. म्हणून दुकानात वजन खरं सांगा आणि शिकाऊ आहे म्हणून सांगायला लाजू नका. आपल्या लोकांना दोन्ही जमत नाही. वजन कमी सांगितलं तर चालता चालता स्की सुटंल, आणि अनुभव फुगवून सांगितला तर सुटायच्या वेळी सुटणार नाही, मग गुडघ्याचं लिगामेंट. पन्नाशीच्या वर असाल तर वय आवर्जून सांगा, त्यानं आकडा कमी होतो. स्की हातात घेतली की तिच्या कडेची पोलादी धार बघा, अंगठ्याचं नख त्यावरनं हलकं आडवं ओढायचं, नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे, नुसतं गुळगुळीत सरकलं तर दुसरी जोडी मागा. सकाळी बर्फ काचेसारखा कडक असतो, तिथं बोथट धार म्हणजे ओल्या फरशीवर स्लीपर. लांबीला नवशिक्यानं छाती ते हनुवटीच्या मधली घ्यावी, लांब स्की पळायला भारी पण वळता वळत नाही.

पहिल्या दिवशी उस्ताद उतरायचं शिकवतच नाही. सपाटीवर एकाच स्कीवर चालवतो, मग आडव्या पायऱ्या काढत चढवतो, मग पाडतो! खरंच, मुद्दाम पडायला लावतो. पडायचं कुशीवर, डोंगराच्या बाजूला, हात मागं टेकवायचा नाही. आणि उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करून शरीराच्या खालच्या बाजूला आणायच्या, मगच उठायचं. नाक खाली करून ठेवलेल्या स्कीवर उठायला गेलात तर तुम्ही उठताय आणि स्की निघाली, मी हे एका सकाळी पाच वेळा केलंय. शिवाय स्की परत घालताना बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ काठीनं ठोकून काढायचा, नाहीतर खटका बसत नाही, आणि उतारावर असाल तर खालच्या बाजूची स्की आधी.

मग येतो नांगर. इंग्रजीतही त्याला बर्फाचा नांगरच म्हणतात, स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब, उलट्या व्ही सारखं. जेवढी शेपूट फाकवाल आणि आतली धार दाबाल तेवढा ब्रेक. वळायचं गणित मात्र डोक्याला उलटं बसतंय, डावीकडं जायचं तर भार उजव्या पायावर, उजवीकडं जायचं तर डाव्या. स्कीची कंबर बारीक आणि दोन्ही टोकं रुंद असतात, ती धारेवर कलली आणि भारानं वाकली की आपली आपण कमानीत वळते, तुम्ही फक्त भार द्यायचा आणि वाट बघायची. पूर्वीच्या स्की जवळजवळ सरळ असायच्या, त्यांना वळवायला ताकद लागायची, नव्वदच्या दशकात ही कमरेवाली स्की आली आणि आमच्यासारख्यांची सोय झाली.

आता माझी खरी पंचाईत झाली ती पुढं. मी जुना ट्रेकर, पन्हाळा ते पावनखिंड कितीदा केलंय, जुलैच्या चिखलातनं. चिखलाचा उतार आला की आपण काय करतो, अंग मागं टाकतो, टाच रोवतो, गरज पडली तर बुडावर बसून घसरतो. तीस वर्षांची सवय अंगात मुरलेली. स्कीवर तेच केलं आणि संपलं. मागं झुकलं की स्कीचं नाक हलकं होतं, धार बर्फ धरत नाही, स्की सुसाट सुटते आणि तुम्ही तिच्यामागं ओढले जाता. तिथं उताराच्या तोंडाकडं, खाली, भीतीकडंच अंग द्यायचं असतं, नडगी बुटाच्या जिभेवर दाबून. सांगायला सोपं आहे, पण समोर खड्डा दिसत असताना पुढं झुकायला पोटातनं नकार येतो. उस्ताद ओरडायचा, "अंकल, पीछे मत बैठो, यहाँ कुर्सी नहीं है!" दुसऱ्या दिवशी दुपारी मी असाच मागं बसलेला, वेग वाढला, दोन्ही टोकं एकमेकांवर चढली, खट्ट करून आवाज आला आणि मी तोंडावर. आपल्याकडं खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी म्हणतात ते अक्षरशः झालं, फरक एवढाच की पलटी माझी. एक स्की पायातनं सुटून वर राहिलेली, चष्म्यात बर्फ, कॉलरमधनं बर्फ पाठीवर, पण गुडघा शाबूत. त्या स्प्रिंगला मी मनातल्या मनात हात जोडले.

आणि आमची ही? हिला ट्रेकची सवयच नाही त्यामुळं वाकडी सवयही नाही. उस्तादानं पुढं झुका म्हटलं, ही झुकली. तिसऱ्या दिवशी बाई नांगर टाकून नागमोडी वळणं घेत खाली, आणि मी अजून बाजूला बर्फ झटकतोय. मला म्हणते कशी, "अहो, तुम्ही जोर लावताय. जोर कशाला लावायचा, भार द्यायचा नुसता." पोळी लाटताना लाटणं दाबत नाहीत, कडेला भार देतात, तसं म्हणे. मी आजपर्यंत पोळी लाटलेली नाही पण साहेब, दुसऱ्या दिवशी सकाळी ते लक्षात ठेवून उतरलो आणि पहिल्यांदा सलग सहा वळणं निघाली. उस्ताद म्हणाला, शाबाश अंकल. मी सांगितलं नाही की शिकवणी घरातली आहे.

वर जायला बारक्या उतारावर ओढणारी लिफ्ट असते, वरनं दोरी फिरत असते, तिच्या दांड्याचं टोक बुडामागं किंवा मांड्यांमधे घ्यायचं. बघणाऱ्याला वाटतं सीट आहे, तो बसतो आणि आपटतो. बसायचं नाही, उभंच राहायचं, फक्त ओढून घ्यायचं. लहानपणी ऊसाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली मागनं धरून सायकलवरनं फुकट जायचो ना आपण, पायडल न मारता, तस्संच. (पोरांनो, आता ते करू नका.) पडलात तर दांडा सोडा आणि पटकन बाजूला व्हा, मागनं पुढचा येतोय.

वाहतुकीचा एक नियम मात्र कोरून ठेवा, कारण आपला हात त्याच्या उलट बसलेला आहे. घाटात आपण चढणाऱ्या गाडीला वाट देतो. बर्फात वरनं येणाऱ्यानंच खालच्याला सांभाळायचं, खालच्याला मागचं दिसत नाही, त्याला हवं तिथं तो वळणार. धडक झाली तर चूक वरच्याची. हा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांतलाच एक आहे. थांबायचं ते कडेला, अरुंद जागी किंवा उंचवट्याच्या पलीकडं दिसणार नाही असं नाही. आपली मंडळी बरोब्बर मधोमध थांबतात, ग्रुप फोटोला.

कपड्यांचं फार लांबवत नाही. सुती काही अंगाला नको, घाम आला की गार पडतं. आईनं विणलेले लोकरी हातमोजे प्रेमानं बॅगेत ठेवा आणि हातात वॉटरप्रूफ घाला. गॉगल कपाळावर चढवू नका, कपाळाच्या घामानं आतनं धुकं धरतं. हेल्मेट घ्याच. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखाली सुद्धा, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, ऊन खालनं लागतंय. पहिल्या वर्षी माझी हनुवटी खालनं भाजली, दाढी करताना आठवडाभर देव आठवला.

उंचीचं विसरू नका. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, गुलमर्ग साधारण २६५० मीटर. पहिला दिवस नुसतं हिंडा, पाणी प्या, कहवा प्या, तांबड्या-पांढऱ्याची आठवण काढत हलकं जेवा. गोंडोलाचे, म्हणजे तिथल्या केबल कारचे, दोन टप्पे आहेत, पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरला. दुसऱ्या टप्प्यावर बघायला जायला हरकत नाही, पण स्की घेऊन शिकाऊ माणसानं जायचं नाही म्हणजे नाही. वरचा बहुतेक उतार मशिननं दाबलेला नाही, मोकळा डोंगर आहे तो. बर्फाचा कडा सुटायला साधारण ३० ते ४५ अंशाचा उतार लागतो आणि नेमका तोच उतार स्कीवाल्याला मोहात पाडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथं हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला, वर्षभर आधी पोलंडचे दोघं गेले, ही माणसं हौशी पर्यटक नव्हती. परदेशी लोक पाठीवर फावडं, लांब सळई आणि छातीला सिग्नलचं यंत्र बांधून जातात, कारण गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत काढला तर वाचायची आशा चांगली असते, पुढं झपाट्यानं घसरते. त्यांच्या स्कीच्या रेघा दिसल्या म्हणून त्यावरनं मागं जायचं नाही. ती रेघ काल सुरक्षित होती, आज नसंल.

श्रीमंताचे चोचले म्हणणाऱ्याला काय सांगू. स्वस्त नाही हे कबूल. पण सामान विकत घ्यायचं नाही, सगळं भाड्यानं मिळतं, आपण फक्त मोजे, हातमोजे, गॉगल घ्यायचे. विमानाऐवजी आपली आठवड्यातनं एकदाची निजामुद्दीनची गाडी आहे, आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झालीय, चिनाबच्या ३५९ मीटर उंच पुलावरनं. दोघांचं मिळून आमचं गणित गोव्याला मित्रांबरोबर जाऊन जे उडवतो त्याच्यापेक्षा थोडं जास्त बसतं, आणि गोव्याहून मी कधी मांडी घट्ट करून आलो नाही. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारताकडनं एकटा गेलेला आरिफ खान, त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान. पोरगा जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे रोवलेल्या झेंड्यांमधनं वळत उतरायच्या शर्यतीत, ४५ वा आला, स्लॅलम, म्हणजे तीच पण जवळजवळच्या वळणांची, पूर्ण करता आली नाही. मनालीच्या आंचल ठाकूरनं २०१८ ला तुर्कस्तानात ब्राँझ घेतलं, आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं भारताचं पहिलं पदक. यांच्यावर पेपरात किती ओळी येतात ते तुम्हीच मोजा, खासबागच्या कुस्ती मैदानाच्या गावातल्या माणसानं मेहनतीच्या खेळाला चोचले म्हणावं हे काय पटलं नाही.

राहता राहिला तिसरा, या वयात हाडं मोडायचीत काय म्हणणारा. वय ५१, साखरेच्या गोळ्या नाहीत, गुडघा कधीमधी कुरकुरतो. त्याला मी म्हटलं आधी डॉक्टरला दाखव, मग बैठका सुरू कर, आणि गुडघ्यानं नको म्हटलं तर पुढं जाऊच नकोस. टपरीवर तो काय बोलला नाही. परवा दुपारी गडी वर्कशॉपात आला, चप्पल काढली आणि लेथच्या शेजारच्या भिंतीला टाच लावून उभा राहिला. मी हातातली व्हर्नियर ठेवली आणि साधी पट्टी घेतली. डावा साडेसव्वीस, उजवा सव्वीस.

आपला,
एक वर्कशॉपवाला
उद्यमनगर, कोल्हापूर